नऊ नंबरचा शिक्का

माझी आत्या कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघते. खुर्ची, बादली, छत्री, चप्पल, काहीही. लोकांकडे गेलो तरी बसण्याआधी खुर्चीची पाठ धरून हलवते आणि खुर्ची कुरकुरली की त्यांच्या तोंडावर सांगते, "ही नापास." बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, अशा वेळी छताकडे बघत बसतात. तिने लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर तेच उत्तर देतात, की हिने सगळ्यांना उलटं करून बघितलं आणि नापास केलं.

तिच्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. असू दे. ज्यांच्या नाकावर राग नसतो अशांनी बनवलेल्या वस्तू मी रोज वापरते. झाकण न बसणारा डबा, दुसऱ्या धुण्यात उसवणारी उशी, हातात येणारी दाराची मूठ. हे सगळं कुणीतरी हसतमुखाने "चालतंय हो" म्हणून पुढे ढकललेलं असतं.

आत्याने एकोणीस वर्षं युकुलेलेच्या कारखान्यात काढली. युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड, चार नायलॉनच्या तारांचं, लहान मुलाच्या काखेत मावणारं. लाकूड कापणारे वेगळे, वाकवणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, तारा चढवणारे वेगळे. या सगळ्यांच्या हातून वाद्य निघालं की शेवटी तपासणीच्या टेबलांवर यायचं. तिथे बारा बायका बसायच्या आणि प्रत्येकीचा स्वतःचा शिक्का असायचा, बटणाएवढा, वाकड्या लांब दांडीचा. वाद्य पास झालं की पोटाच्या भोकातून दांडी आत घालायची आणि तळाला चिकटवलेल्या कागदावर शिक्का उठवायचा. आत्याचा नंबर नऊ. तिसऱ्या वर्षी शिक्का तिच्या हातून फरशीवर पडला आणि कडेचा एक टवका उडाला. तेव्हापासून तिच्या शिक्क्याचं वर्तुळ खालच्या बाजूला जरासं तुटलेलं उठायचं. नवीन करून देतो म्हटलं तर नको म्हणाली. ओळखू येतो म्हणाली.

कारखान्यात तिला सगळे "नापास बाई" म्हणायचे. समोरसुद्धा. गंमत म्हणजे तिला युकुलेले वाजवता येत नाही. एक गाणं येत नाही. चार तारा मोकळ्या छेडायच्या, मग बाराव्या पडद्यावर, म्हणजे गळ्यावरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, बोट दाबून त्याच चार पुन्हा छेडायच्या आणि खालचा सूर वरच्याशी जुळतो का ते ऐकायचं, एवढंच तिचं संगीत. पण त्या आठ सुरांत तिला जे ऐकू येतं ते मला, गाण्याची पदवी घेतलेलीला, येत नाही. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून शिक्का हातावर उठवून घ्यायचे. शाळेत जाताना हातावर तुटक्या वर्तुळातला नऊ असला की मी दिवसभर पास असायचे.

दोन वर्षांपूर्वी नवे साहेब आले आणि आत्या घरी बसली. "साहेबांशी वाजलं," एवढंच ती म्हणाली. शिक्का टेबलावर ठेवून, पिशवी उचलून निघून आली. मी खोदून विचारलं तेव्हा खेकसली, "त्या डबड्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही." मी काढलं नाही. तिथेच माझं चुकलं.

मी एका शाळेत गाणं शिकवते. यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ठरवलं की तिसरीच्या बत्तीस मुलांना युकुलेले शिकवायचं. पालकांनी पैसे जमवले होते. "निवड तुम्ही करा," मोठ्या बाई मला म्हणाल्या. "स्वस्त हवं, आणि निदान तीन वर्षं टिकायला हवं. मुलं आपटणार, हे धरूनच चाला."

आत्याला विचारायची हिंमत नव्हती. मग दुकानात गेले. दुकानदाराने निळं, गुलाबी, पिवळं असं रंगीबेरंगी दुकानच मांडलं. मी एक निळं उचललं, भोकातून आत डोकावले, आणि मला तो दिसला. नऊ. खालच्या बाजूला तुटलेलं वर्तुळ.

दुकानदार म्हणाला, "नऊ नंबरचा माल आहे मॅडम. या शिक्क्याचा माल आम्ही वर्षानुवर्षं डोळे मिटून घेतो. एकही परत येत नाही."

दोन तारा छेडल्या, बऱ्या वाजल्या. बत्तीसच्या बत्तीस नऊ नंबरचे द्या म्हणाले. आत्या दोन वर्षं घरी बसली आहे हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण तो शिक्का बघितला आणि मी पुन्हा तिच्या मांडीवरची झाले. गोदामातला जुना माल असेल, असं मनाशी म्हटलं. हे मी कुणाला विचारलं नाही, स्वतःलाच सांगितलं आणि स्वतःच ऐकलं. आमच्या घराबाहेरचं कुणी असतं तर आधी वाद्य तपासलं असतं. मी शिक्का तपासला.

खोकी शाळेत आली त्या दिवशी, शाळा सुटल्यावर, मी आत्याला घेऊन गेले. वाटेत सांगून टाकलं, "आत्या, एक गंमत आहे. सगळे तुझ्या हाताखालून गेलेले आहेत."

"माझ्या हाताखालून दोन वर्षांत फक्त भांडी गेलीत," ती म्हणाली.

वर्गात बाकांवर बत्तीस वाद्यं मांडलेली होती. दारातच ती थांबली. हसली नाही. एक निळं उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. मग पिशवीतून बसचं तिकीट काढलं. ज्या लाकडी पट्टीला तारांची खालची टोकं बांधलेली असतात तिला घोडी म्हणतात. तिकिटाची कड आत्याने त्या घोडीच्या मागच्या बाजूला टेकवली आणि हलकेच सरकवली. तिकीट आत गेलं. अर्धं.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"घोडी रंगावर चिकटवलीय." तिचा आवाज चढायला लागला होता. "पूर्वी रंग देताना या जागेवर कागदाची पट्टी लावायचे. रंग वाळला की पट्टी काढायची. खाली कोरं लाकूड, त्यावर सरस, त्यावर घोडी. लाकडाला लाकूड धरतं. या नव्या साहेबाला पट्टी लावायला वेळ जातो म्हणे. आधी सगळं रंगवा, मग वर घोडी डकवा. घोडी मग रंगाला धरून बसते. तारांचा ताण रोज ओढतोय, आज ना उद्या रंगासकट उपटून येणार. मी पहिली एकशेचाळीस नापास केली. तो म्हणाला, शंभरात दोनच नापास करायची, तिसरं करायचं नाही. मी म्हटलं, मग मला कशाला बसवलंय, भिंतीवरचं घड्याळ बसव."

दोन वर्षांत पहिल्यांदा तिने हे सांगितलं. आणि मी तिच्यासमोर तेच बत्तीस मांडून उभी होते.

"पण शिक्का..." मी म्हणाले.

तिने पिशवीतला छोटा आरसा काढला, भोकाशी धरला, खिडकीच्या उजेडात तिरका केला. मग दुसरं उचललं. तिसरं. चौथं. दहाव्यानंतर तिने वाद्य बाकावर ठेवलं, आपटलं नाही, आणि मला तिची जास्त भीती वाटली.

"बघ," ती म्हणाली. "काय दिसतं?"

"नऊ. तुझाच आहे. टवका उडालेला."

"सरळ आहे ना?"

"हो, अगदी सरळ."

"तारा चढवल्याशिवाय वाद्य तपासता येतं का? नाही. मग तपासून झाल्यावर भोकावर तारा असतात. त्यांच्या बाजूने दांडी तिरकी आत घालावी लागते. एकोणीस वर्षांत माझा एक शिक्का सरळ उठलेला नाही. एक कड गडद, एक पुसट, आणि अख्खा नऊ कलंडलेला. हे बत्तीस गोल गरगरीत आहेत." ती थांबली, आणि मग जे बोलली ते वर्गाच्या चारी भिंतींना ऐकू गेलं. "कागदाच्या गठ्ठ्यावर मारलेत गं! वाद्य बनायच्या आधी! अजून लाकूड कापलेलं नाही आणि माझा नऊ पास म्हणून बसलाय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत तिने आपला राग माझ्यावर वळवला.

"आणि तू? तू कानाची बाई ना? मग डोळ्यांनी का विकत घेतलंस?"

 

आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उद्या मुलांना द्यायचीत," त्या म्हणाल्या. "पालकांना कळवून झालंय. वर्षभर तर टिकतील ना? मुलांचंच आहे हो. आणि शिक्का तुमचाच आहे म्हणता, मग कुणाला काय कळणार आहे?"

त्या वाईट नाहीत. पण हे "मुलांचंच आहे" ऐकलं की मला राग अनावर होतो. सूर न लागणारं वाद्य मोठ्या माणसाच्या हातात दिलं तर तो वाद्याला शिव्या देतो. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात दिलं तर ते मूल स्वतःला शिव्या देतं. मला जमत नाही म्हणतं आणि जन्मभर तेच म्हणत राहतं. अशी मोठी झालेली माणसं मला दर आठवड्याला भेटतात.

आत्या वळली. माझ्या टेबलावरचा तपासणीचा लाल पेन घेतला, फूटपट्टीच्या टोकाला रबरबँडने बांधला आणि पहिल्या बाकावर बसली. डाव्या हातात आरसा, उजव्या हातात फूटपट्टी. पहिल्याच वाद्याच्या पोटात तिने आपल्या नऊवर लाल रेघ ओढली.

"अहो, काय करताय!" मोठ्या बाई ओरडल्या. "दुकानदार परत घेणार नाही आता!"

"परत घेतले नाहीत तरी हे माझ्या नावावर कुणी वाजवणार नाही," आत्या म्हणाली आणि दुसरं उचललं.

मोठ्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "याला जबाबदार तुम्ही." मी हो म्हटलं. पालकांचे पैसे, माझी नोकरी, सगळं त्या लाल रेघेखाली जाताना दिसत होतं. तरी मी आत्याच्या शेजारी बसले आणि एकेक वाद्य तिच्या हातात देत गेले. रेघ ओढून झालेल्याच्या तारा ती पूर्ण सुरात चढवायची आणि बाजूला ठेवायची. का, ते सांगितलं नाही. अंधार पडायच्या आत बत्तीस झाले. तिच्या मनगटावर लाल ठिपके उठले होते. तिने ते पुसले नाहीत.

सकाळी वर्ग उघडला तर दोन वाद्यांच्या घोड्या निघून तारांना लोंबकळत होत्या. एक उलटी करून बघितली. लाकडाचा कणसुद्धा नाही, तळाला निळ्या रंगाचा पापुद्रा, तोही अख्खा.

टेम्पो करून सगळी खोकी आम्ही दुकानात नेली. दुकानदाराने लाल रेघा बघितल्या आणि हात झटकले. "खराब केलेला माल मी घेत नाही. आणि तक्रार असेल तर ती नऊ नंबरच्या तपासणीवाल्या बाईंची. त्यांनी पास केलाय. मी वर कळवतो, त्या बाईंना जाब विचारतील."

"विचारा," आत्या म्हणाली. "नऊ नंबर मीच."

तो क्षणभर गडबडला, मग खुलला. "मग प्रश्नच मिटला! तुम्हीच पास केलेत आणि तुम्हीच भांडायला आलात?"

माझा हात शिवशिवला. आत्याने मात्र काउंटरवरचा त्याच्याच दुकानाचा शिक्का उचलला, बारीक दांडीचा होता, आणि एका तारा चढवलेल्या युकुलेलेसकट त्याच्यापुढे सरकवला. "आत दांडी घालून सरळ उठवून दाखवा. एकदा."

त्याने प्रयत्न केला. चार वेळा केला. शेवटी भोकाला शाई लागली, बोटांना लागली, आत चार वाकडे डाग पडले. मग आत्याने त्याला आरसा दिला आणि बत्तीसमधली कुठल्याही पाचांत डोकावून बघायला सांगितलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही वाकून बघायला लागली. दुकानदाराचा चेहरा उतरला. शेवटी मी लोंबकळणारी घोडी त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने कारखान्यात फोन लावला, आवाज मोठा ठेवून. पलीकडे साहेब होते. आत्याने आवाज ओळखला, हनुवटी वर झाली. दुकानदाराने सांगितलं, नऊ नंबरच्या बाई समोर उभ्या आहेत.

"कोण बाई?" साहेब म्हणाले. "हे बघा, नऊ नंबर हे टेबल आहे. शिक्का टेबलाचा असतो, माणसाचा नसतो. माणसं येतात जातात."

"आज कोण बसतं त्या टेबलावर?" आत्याने विचारलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "सध्या ते टेबल रिकामं आहे. पण त्याचा काय संबंध?"

आत्याने पुढे हात करून फोन बंद केला. एकोणीस वर्षं जिथे बसली ते टेबल रिकामं होतं आणि तरी दिवसभर पास म्हणत होतं. मला रडू येत होतं ते रागाने. तिला येत नव्हतं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

दुकानदार हळूच म्हणाला, "बाई, मी पण त्याच शिक्क्यावर घेत आलो हो." त्याने माल परत घेतला. यात चांगुलपणा किती आणि ती दोन गिऱ्हाइकं किती, ते मला माहीत नाही.

"आता दाखवा काय आहे ते," आत्या म्हणाली. त्याने चकचकीत गुलाबी पुढे केलं. तिने हातसुद्धा लावला नाही. वरच्या फळीवर मळकट तपकिरी रंगाची, बिनझिलईची, कुणी बघत नव्हतं अशी चाळीस पडून होती. ती काढायला लावली. पातळ थर एकावर एक चिकटवलेलं लाकूड. अखंड लाकडाची महागडी तिने नाकारली, मुलं खिडकीत उन्हात विसरणार आणि ती तडकणार म्हणाली. तारा पिळायच्या, नुसत्या दाबाने बसणाऱ्या खुंट्या नाकारल्या, दात्यांच्या चाकाच्या घेतल्या, कारण मुलांनी गाणं शिकायचं, खुंट्या पिळत बसायचं नाही. मग पिशवीतून जुना नायलॉनचा पायमोजा काढला आणि एकेका वाद्याच्या गळ्याच्या कडेवरून फिरवला. मोजा अडकला की पडद्याचं टोक बाहेर आलेलं, म्हणजे लहान बोट कापणार. मग तिकीट. मग ते आठ सूर. चाळीसमधली अकरा नापास झाली. दुकानदार एकेक नापास बाजूला ठेवत गेला. उरलेली तीन पुढच्या आठवड्यात आली, तीही तिनेच बघितली.

मोठ्या बाईंनी तिला पहिल्या तासाला बोलावलं. मला वाटतं, ती त्यांची माफी होती. वर्गात पुढच्या बाकावरची एक दोन वेण्यांची मुलगी भोकाला डोळा लावून बसली होती. "आजी," ती म्हणाली, "बाईंनी सांगितलं होतं, तुमचा शिक्का असतो ना? यात नाही."

आत्याचा चेहरा बघून मला वाटलं, आता या पोरीची धडगत नाही.

"नाहीच असणार," आत्या म्हणाली. तिने पिशवीतून बसच्या तिकिटांचा गठ्ठा काढला, बत्तीस तिकिटं, इतके दिवस जमवलेली, आणि एक मुलीच्या हातात दिलं. "सरकव घोडीखाली. जातंय?"

"नाही."

"घोडी ओढून बघ. हलतेय?"

"नाही."

"मग तू सांग. पास की नापास?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही. तिने पुन्हा एकदा तिकीट घालून बघितलं, आणि म्हणाली, "पास."

आत्याने फूटपट्टीला बांधलेला पेन तिच्यापुढे धरला. या वेळी निळा. "मग आत तुझं नाव लिही. माझं नाही, टेबलाचं नाही. तू बघितलंयस, तुझं."

मुलीने तारांच्या बाजूने फूटपट्टी आत घातली, जीभ दातांत धरून पहिलं अक्षर काढलं आणि आरशात बघून रडवेली झाली. "आजी, वाकडं येतंय."

"वाकडंच यायला पाहिजे!" आत्या तिच्यावर खेकसली.